बारावा बोल्ट

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रहमत मिस्त्रीने ट्रकच्या बंपरवरून फडकं फिरवलं, आणि त्याचा अंगठा जिथे अडायला हवा होता तिथे अडला नाही. उलट आत रुतला.

त्याने पुन्हा चाचपलं. बोल्टच्या डोक्यावर चांदणी होती खरी, पण ती वर उठलेली नव्हती, आत दाबलेली होती. शेजारच्या बोल्टचीही तीच गत. फडक्याला परवाच्या पूजेचं कुंकू लागलं होतं. ते त्याने लेंग्याला पुसलं आणि तिसऱ्या बोल्टला हात लावायच्या आधीच फाटकातून आत येणाऱ्या मालकाला हाक मारली.

"अश्वजितभाऊ, इकडे या. हे आपले बोल्ट नाई."

दोन बोल्टांसाठी एवढा घोर कशाला, असं कुणालाही वाटेल. पण तो ट्रक साधासुधा नव्हता. दुसऱ्या महायुद्धातला फौजी ट्रक. लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातून तो एका जंगल ठेकेदाराकडे आला, सागाचे ओंडके वाहता वाहता म्हातारा झाला आणि शेवटी केळापूरच्या बाजूला एका नाल्याकाठी चाकांवर बसून गंजत राहिला. पांढरकवड्यात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेल्या अश्वजित मुनेश्वरने तो उचलून आणला, कारण त्याचे आजोबा उकंडा फौजेत याच जातीचा ट्रक चालवत. घरात आजोबांचा एकच फोटो होता, आणि त्यात त्यांचा हात अशाच एका बंपरवर होता.

इंजीन जमलं, पत्रा जमला, हिरवा रंगही जमला. छळलं ते बोल्टांनी. पुढची लोखंडी जाळी बंपरला आवळणारे बारा बोल्ट मूळचे हवेत, आणि मूळच्या बोल्टच्या डोक्यावर कारखान्याची उठलेली चांदणी असते. अशा बोल्टांसाठी रहमतने सारा जिल्हा पालथा घातला. एक आर्णीच्या भंगारात मिळाला, दोन एका बंद जिनिंगच्या पंपाखाली, एक तर कुणाच्या गोठ्याच्या दारात बिजागरीचा खिळा होऊन बसला होता. असे अकरा जमले. बारावा काही मिळाला नाही. डाव्या टोकाला त्या जागी बाजारातला साधा बोल्ट लावून वर हिरवा रंग फासला होता. ड्रायव्हर भावसिंग ट्रकला 'बारावी नापास' म्हणून चिडवायचा.

उद्या हा ट्रक नागपूरला जुन्या गाड्यांच्या मेळ्यात जायचा होता. तिथले जाणकार डोळ्याला भिंग लावून एकेक बोल्ट बघतात आणि नकली दिसला की गाडीला ओळीतून बाहेर काढतात.

हे सगळं रहमतला पाठ होतं, म्हणून तर त्याने हाक मारली. हाक तोंडातून गेली, आणि मग त्याला कालची दुपार आठवली. नमाजाहून परतताना त्याने रस्त्यापलीकडून बघितलं होतं. बंद शेडच्या दारातून आसिम बाहेर पडत होता. त्याच्या हातात पाना होता, आणि तो फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी खिशात कोंबत होता.

आसिम, त्याचा एकुलता एक मुलगा.

२

अश्वजितने पहिले चार-पाच बोल्ट बघितले आणि त्याचा चेहराच उतरला. तो ओरडला नाही. त्याने जाऊन फाटकाला आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सांगितलं की याचा निकाल लागेपर्यंत कुणीही बाहेर जाणार नाही, तो स्वतःही नाही.

आत पाच जण होते. अश्वजित, रहमत, आयटीआय करून बापाच्याच हाताखाली लागलेला आसिम, भावसिंग आणि इंद्रजीत. इंद्रजीत नागपूरचा. जुन्या गाड्यांचे फोटो काढायचे आणि त्या गाड्यांना मेळ्यांमध्ये जागा मिळवून द्यायची, हे त्याचं काम. तो महिन्यापूर्वी एकदा येऊन गेला होता आणि आता अष्टमीपासून इथल्याच लॉजवर उतरला होता. काल अश्वजितचं कुटुंब दीक्षाभूमीला गेलं, तेव्हा तोही त्यांच्याच गाडीतून गेला आणि रात्री त्यांच्याबरोबरच परतला. आज त्याला हैदराबादला निघायचं होतं. त्याची गाडी, त्यातली बॅग, सगळं फाटकाच्या आतच उभं होतं.

इंद्रजीतने सगळी ओळ नजरेखालून घातली आणि अकराच्या अकरा नकली असल्याचं सांगितलं. बाराव्याकडे कुणी बघितलंही नाही. तो साधाच होता, त्याच्याकडे काय बघायचं.

"चोरी काल झाली," तो म्हणाला. "काल शेड बंद होती. आपण नागपूरला, भावसिंग त्याच्या तांड्यावर. अश्वजित, तुझी किल्ली तुझ्याजवळ होती. दुसरी कुणाजवळ असते?"

दुसरी रहमतजवळ असते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या घरात दाराशेजारच्या खुंटीला.

ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर चढायला लागलं होतं. शेडमध्ये ग्रीसचा आणि तापलेल्या टायरांचा वास कोंडला. रहमत टायरवर बसला आणि त्याने आसिमकडे बघायचं टाळलं. आसिमही त्याच्याकडे बघत नव्हता. बापाला तेवढंच पुरलं. खरं बोलावं तर मुलगा जातो, गप्प बसावं तर आपण चोर ठरतो. तिसरी वाट कुठली त्याला दिसेना. फाटक तर बंद होतंच, पण ते उघडं असतं तरी तो कुठे गेला असता?

अश्वजितने फोन लावला. पोलिसांना नव्हे, दीपा आत्रामला.

"ती येऊन पाहीन," तो रहमतला म्हणाला. "तिचं झालं का मंग ठाणं. चाचा, तुमाले काई सांगायचं असन तं आताच सांगा."

रहमतने मान हलवली. तीस वर्षांत अश्वजितने त्याच्याशी असं नजर चुकवून बोलल्याचं त्याला आठवत नव्हतं.

३

महामार्गावर कुठे गाडी ठोकली की विमा कंपनीच्या वतीने पाहणी करायला जी बाई येते ती दीपा आत्राम. पांढरकवड्याचीच, शाळेत अश्वजितच्या वर्गात होती. उलटलेल्या ट्रकभोवती फिरून ड्रायव्हर झोपला होता की ब्रेक गेला होता हे ती सांगते, आणि बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या हातचा चहा पीत पीत सांगते. तिने आल्यावर माठातलं पाणी घेतलं, उपड्या डब्यावर बसली आणि एकेकाला जवळ बोलावलं. कुणावर आवाज चढवला नाही, काही लिहूनही घेतलं नाही.

भावसिंगला आधी. त्याने नवमीला पूजा केली होती. तो तांड्यावरचा माणूस, खंडेनवमीला हत्यारं आणि गाडी पुजल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. अश्वजितच्या घरी ही पूजा होत नाही, रहमतच्या घरी होण्याचा प्रश्नच नाही, पण दोघेही त्याला दरवर्षी करू देतात आणि प्रसादाला मात्र न चुकता हजर असतात. त्याची रीत ठरलेली. कुंकू तेलात कालवायचं आणि अंगठ्याने प्रत्येक बोल्टला टिळा लावायचा.

"एकबी उपाशी ठेवत नाई मी," तो म्हणाला. "बाराई बोल्टाले लावला. त्या नापासालेबी लावला."

मग त्याने इंद्रजीतबद्दलची आपली तक्रारही सांगून घेतली. महिन्यापूर्वी या साहेबाने फोटो काढताना त्याला बंपरखाली आडवं पाडून खालून बॅटरीचा झोत धरायला लावला होता, आणि त्यापायी त्याची कंबर आठवडाभर धरली होती. या खेपेला अष्टमीला तर सगळ्यांनाच बाहेर काढलं. बाहेरचा उजेड नको म्हणून शेडचं दार ओढून घेतलं आणि दुपारभर एकटाच फोटो काढत बसला. हे ऐकून आसिमसुद्धा किंचित हसला. रहमत हसला नाही.

इंद्रजीत सफाईने बोलला. चोरी कुणी केली असेल हे आपण सांगणार नाही, पण या बोल्टांची किंमत कळणारा माणूस इथे एकच आहे, एवढं म्हणून त्याने रहमतकडे बघितलं. स्वतःबद्दल विचारल्यावर त्याने दोन्ही हात पुढे केले.

"दीपाताई, मी त्या बोल्टांना आजपर्यंत हातही लावलेला नाही. मागच्या वेळी चाचांनी बोटसुद्धा लावू दिलं नव्हतं. फक्त फोटो काढून गेलो. विचारा त्यांना."

रहमतने ते खरं असल्याचं सांगितलं. खोटं कशाला बोला. कसले फोटो काढले होते ते दाखवायला इंद्रजीतने भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यानेच पाठवलेला एक मोठा फोटो चौकटीत लावलेला होता. एका बोल्टचं डोकं, वर हिरवा रंग, मधोमध चांदणी. येणारेजाणारे वाहवा करायचे. रहमतला तेवढा तो फोटो कधी पटला नव्हता. टांगला त्याच दिवशी तो म्हणाला होता की हा आपला बोल्टच नव्हे. अश्वजितने तेव्हा त्याला चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं होतं.

दीपा त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग बंपरपाशी जाऊन वाकली आणि बोल्टांवरच्या कुंकवाचे ओघळ बघत राहिली. तेलातलं कुंकू बोल्टच्या डोक्यावरून खाली बंपरवर उतरलं होतं आणि तसंच वाळून त्यावर धूळ बसली होती. अकरांपैकी रहमतने पुसलेले दोन सोडले तर बाकी सगळ्यांवरचे ओघळ जागच्या जागी होते.

ती वळली आणि तिने आसिमला हाक मारली.

४

"काल दुपारी तू कुठं होतास?" दीपाने विचारलं.

आसिमने ओठ ओले केले. "घरी," तो म्हणाला, आणि लगेच खाली बघायला लागला. वीस-बावीस वर्षांचा दणकट गडी, पण खोटं बोलायची सवय नसलेला. शेडमधल्या प्रत्येकाला कळलं की हा घरी नव्हता.

"घरी कुणी पाहिलं?" दीपाने विचारलं.

"अम्मीनं."

"मग तुझ्या अम्मीला फोन लावू?"

रहमतच्या डोळ्यांपुढे घरातली ती खुंटी उभी राहिली, मग ठाण्याची पायरी, मग बायकोचा, खैरुनबीचा चेहरा. मुलाची उमर ती काय. एकदा चोर म्हणून नाव लागलं की कुठला मालक त्याच्या हातात पाना देणार? आपलं काय, आपले दिवस होत आले.

तो उठला.

"त्याले नका विचारू, बाई," रहमत म्हणाला. "मीच बदलले. काल."

अश्वजित खुर्चीवरून अर्धवट उठला आणि परत बसला. भावसिंगने कपाळाला हात लावला. इंद्रजीतने फक्त घड्याळाकडे बघितलं. आसिम मात्र बापाकडे असा बघायला लागला, जणू पहिल्यांदाच बघतोय.

"बरं झालं बोललात, चाचा," दीपा म्हणाली. तिचा आवाज होता तसाच होता. "किती बदलले?"

"अकरा."

"आणि बारावा?"

"बाराव्याले कायले हात लावू? तो तं साधाच हाय."

दीपाने कोनाड्यातला हातकंदील उचलला, बॅटरीचाच होता तो, आणि रहमतच्या दंडाला धरून त्याला ट्रकच्या डाव्या टोकाशी नेलं. तिथे सकाळपासून तिच्याशिवाय कुणी फिरकलं नव्हतं. तिने त्याचा हात धरून अंगठा बाराव्या बोल्टच्या डोक्यावर ठेवला.

रहमतचा अंगठा अडला.

चांदणी वर उठलेली होती. टोकं झिजलेली, पण पाचही जागेवर. दहा वर्षं ज्या चांदणीसाठी त्याने जिल्ह्यातला एकेक भंगारवाला हैराण केला होता, ती तिथे मुकाट बसली होती.

५

"आता सगळे बसा," दीपा म्हणाली. "आणि अश्वजित, फाटक अजून उघडू नको."

ती बोलायला लागली, तेव्हा ऊन पत्र्याच्या फटींतून आत उतरलं होतं. तिने आधी बाराव्या बोल्टकडे बोट दाखवलं. भावसिंगने नवमीला बाराही बोल्टांना टिळा लावला होता. मग या बोल्टवर टिळा का नाही? कारण हा इथे पूजेनंतर आला. म्हणजे काल, दसऱ्याच्या दिवशी, कुणीतरी साधा बोल्ट काढून त्या जागी हा मूळचा बोल्ट बसवला.

"आणि या अकरांवर टिळा आहे. नकली बोल्टांवर. ओघळ बोल्टवरून बंपरपर्यंत अखंड उतरलाय, वाळलाय, वर धूळ आहे. म्हणजे भावसिंगभाऊंनी टिळा लावला तेव्हा नकली बोल्ट आधीच बसलेले होते. काल बदलले असते तर तेही या बाराव्यासारखे कोरे निघाले असते."

"मागून कुणी कुंकू लावलं असेल," इंद्रजीत म्हणाला.

"लावणाऱ्याने बारावा बरा उपाशी ठेवला," दीपा म्हणाली. भावसिंगने जोरात मान डोलावली.

म्हणजे चोरी दसऱ्याला नाही, नवमीच्या आधी झाली. पण नवमीच्या आधी तर शेड उघडीच होती. रहमत होता, भावसिंग होता, आसिम होता, अश्वजित होता. रहमतला क्षणभर वाटलं की आपण एका खोलीतून सुटून दुसऱ्या खोलीत अडकलो.

"आता दुसरी गोष्ट," दीपा म्हणाली. "चोराने नकली बोल्ट करवून घेतले. या मापाचे इंची बोल्ट नागपुरात आजही मिळतात. फक्त डोक्यावर चांदणी पाहिजे. ज्याने खरा बोल्ट एकदा जरी हातात धरलाय त्याने कोणती चांदणी करवली असती?"

"उठलेली," भावसिंग पटकन म्हणाला.

"तुम्ही दरवर्षी अंगठ्याने टिळा लावता. चाचांनी प्रत्येक बोल्ट रॉकेलने धुतला. अश्वजितने पारखून घेतले, आसिमने बसवले. तुमच्यापैकी कुणीही ही चूक केली नसती. अंगठ्याला माहीत आहे ते. ही चूक तोच करू शकतो ज्याने बोल्ट नुसता डोळ्यांनी पाहिला. तोही फोटोत."

तिने भिंतीवरची चौकट खिळ्यावरून काढली. आतापर्यंत ज्या फोटोची वाहवा झाली होती त्यातली चांदणी सगळ्यांनी पुन्हा बघितली. ती आत दाबलेली दिसत होती. मग दीपाने चौकट उलटी फिरवली, खालची बाजू वर.

चांदणी उठून पुढे आली.

अश्वजितने डोळे चोळले. दीपाने चौकट पुन्हा सरळ केली, चांदणी आत गेली. उलटी केली, बाहेर आली. भावसिंगने त्याच्या बोलीत आईचं नाव घेतलं.

"आपल्या डोळ्याला सवय असते की उजेड वरून येतो," दीपा म्हणाली. "सूर्य वर, दिवा वर. हा फोटो काढताना भावसिंगभाऊ खाली झोपून खालून झोत मारत होते. त्यामुळे उठलेली वस्तू खोल दिसते. चाचा पहिल्याच दिवशी म्हणाले होते ना, हा आपला बोल्ट नव्हे म्हणून? त्यांना तेवढंच दिसलं. ज्याने हा फोटो कारागिरापुढे ठेवला, त्याला ते दिसलं नाही. कारण त्याला बोल्टला बोट लावू दिलं नव्हतं."

इंद्रजीतने हसायचा प्रयत्न केला. फोटो कुणीही पाहू शकतो, तो म्हणाला, भिंतीवर तर टांगलेला आहे.

"इथे येऊन भिंतीवरचा फोटो पाहणारा दोन पावलं पुढे जाऊन बोल्टही पाहील. आणि अष्टमीला दार ओढून, सगळ्यांना बाहेर काढून, दुपारभर ट्रकजवळ एकटं कोण होतं? बोल्ट बदलताना फरक तुमच्या हाताला कळला असेल. पण नवे करायला वेळ नव्हता. वरून हिरवा रंग मारला, दुसऱ्या दिवशी तेलाकुंकवाच्या जाड थरात भावसिंगभाऊंच्या अंगठ्यालाही फरक कळला नाही आणि सगळं आपोआप झाकलं. मग दसऱ्याला मालकाच्याच गाडीतून नागपूरला जाऊन आलात, म्हणजे चोरी कालची ठरली तर तुमच्याकडे कुणी बघणार नाही."

भावसिंग एव्हाना इंद्रजीतच्या गाडीपाशी पोचला होता. सकाळी ती बॅग लॉजवरून आणून त्यानेच गाडीत ठेवली होती. "मागच्या खेपेले एका बोटावर उचलली होती," तो म्हणाला, "आज दोन हात लागले. म्यां म्हनलं फोटो वजनदार निघाले असतीन."

बॅगेत, कॅमेऱ्याच्या भिंगांच्या मऊ कप्प्यांमध्ये, अकरा बोल्ट अकरा अंड्यांसारखे जपून ठेवलेले होते. हैदराबादच्या एका शौकिनाकडे याच जातीचा ट्रक होता आणि त्यालाही चांदण्या हव्या होत्या. इंद्रजीतने हे सांगितलं ते अगदी थोडक्यात, आणि मग तो फाटकाकडे बघत राहिला. आता अडकायची पाळी त्याची होती. अश्वजितने ठाण्याला फोन केला.

६

बोल्टांचे फोटो घेऊन, बोल्ट अश्वजितच्या हवाली करून पोलिसांची गाडी इंद्रजीतला घेऊन गेल्यावर फाटक उघडंच राहिलं. वारा आत आला. अश्वजित रहमतसमोर येऊन उभा राहिला, त्याने वाकून मिस्त्रीच्या हातातलं फडकं घेतलं आणि उगाचच बंपर पुसायला लागला. भावसिंगने त्याच्या हातातून ते काढून घेतलं. कुंकू पुरावा होतं ना, तो म्हणाला, राहू द्या की.

रहमतचं तिकडे लक्ष नव्हतं. तो आसिमकडे बघत होता.

"तुमी काल पाह्यलं होतं मले," आसिम म्हणाला. "दारातून निघताना."

रहमतने होकार दिला.

"आन् चोर समजले."

बापाने खोटं बोलून मुलाला वाचवायला निघावं, आणि त्याच खोट्यातून मुलाला कळावं की बापाने आपल्याला काय समजलं होतं. रहमतला वाटलं, फाटक बंद होतं तेव्हा बरं होतं. तेव्हा निदान लाज वाटायला वेळ नव्हता.

"समजलो," तो म्हणाला. "चुकलं माझं. लय चुकलं."

आसिमने खिशातून फडकं काढलं, उलगडलं आणि त्यातला साधा हिरवा बोल्ट, कालपर्यंत बाराव्या जागी बसलेला, बापाच्या तळहातावर ठेवला. चाकणच्या एका कारखान्यात त्याला काम लागलं होतं. पुढच्या आठवड्यात जायचं होतं आणि घरी सांगायची हिंमत होत नव्हती. जाण्याआधी बारावा बोल्ट बसवून ठेवायचा, मेळ्यात बापाला आपोआप दिसेल, मग सांगायचं, असा त्याचा बेत होता. काल घाईघाईत आपल्या एका बोल्टपलीकडे त्याने काही बघितलंच नाही. सकाळी चोरीचं निघाल्यावर सांगायला गेलो तर आपणच सापडणार, एवढं कळून तो गप्प बसला होता.

"दहा वर्स तुमी तो शोधून राह्यले होते," आसिम म्हणाला. "कुठं सापडला ते तरी इचारा."

"कुठं सापडला?"

"घरी. आड्याले. माझा पाळणा ज्या कडीले बांधत, ती कडी दाद्यानं याच बोल्टानं आवळली होती. दरसाल चुना बसून बसून चांदणी दिसेनाशी झाली होती. औंदा मी खरडून चुना मारला तवा दिसली. अम्मीले माहीत हाय. तिच्यासमोरच काढला, दुसरा लावून देला."

रहमतचा बाप जंगलातून सागाचे ओंडके आणणाऱ्या ट्रकांवर क्लीनर होता. त्याने कधी काळी एक बोल्ट घरी आणला असेल, नातवाच्या पाळण्याला लागला असेल. त्या आढ्याखाली रहमत रोज झोपत होता. रोज सकाळी उठून आर्णीला जात होता, जिनिंगला जात होता, लोकांच्या गोठ्यांच्या बिजागऱ्या चाचपत होता. आणि रोज रात्री त्याच बोल्टखाली पाठ टेकत होता.

त्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आसिमने तो धरला.

भावसिंग कुंकवाची वाटी घेऊन आला. उद्या ट्रक निघायच्या आधी बारावा तेवढा उपाशी राहू नये, असं त्याचं म्हणणं होतं. त्याने अंगठा तेलात बुडवला, टिळा लावला, आणि थोडं मागे सरून बघितलं.

"पास झाला," तो म्हणाला.

रहमतने पाना उचलला आणि परत मिळालेल्या अकरा बोल्टांपैकी पहिला आसिमच्या हातात दिला. चाकणला कधी निघायचंय, हे विचारायला त्याला अजून दोन बोल्ट लागले.